नलाची अक्षविद्या आणि आजचा मोबाइल-खेळ

व्यसन हा शब्द 'वि' या उपसर्गासह 'अस्' म्हणजे फेकणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. जे मनुष्याला त्याच्या हितापासून दूर फेकते ते व्यसन, असा त्याचा अर्थ शास्त्रकारांनी केला. मनूने कामापासून उत्पन्न होणारी दहा व क्रोधापासून उत्पन्न होणारी आठ व्यसने सांगितली आहेत. कामज व्यसनांतील जी चार अत्यंत कष्टदायक म्हणून त्याने निराळी काढली, त्यांत द्यूत आहे. द्यूताचा पट आता मोबाइलच्या काचेवर आला आहे. फासे दिसत नाहीत, सभा भरत नाही, पैजही पुष्कळदा लावलेली नसते. तरी ज्या घरातील मुलगा रात्री दोन वाजता पांघरुणाखाली काच उजळून बसतो, त्या घरातील आईबापांना हे व्यसन कोणत्या जातीचे आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

या व्यसनाचे स्वरूप काय, ते मनुष्याला कसे धरते आणि त्यातून सुटण्याचा मार्ग कोणता, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान या कामी विशेष उपयोगी पडते. द्यूतात सर्वस्व गमावून वनात बसलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषींनी ही कथा सांगितली, ती केवळ सांत्वनासाठी नव्हे. कथा संपल्यावर त्यांनी त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकविले. व्यसनात सापडलेल्याला त्या व्यसनाचे मर्म कळणे हाच उपचाराचा प्रारंभ होय, हा या उपाख्यानाचा अभिप्राय आहे.

१. खेळ कोठे संपतो आणि व्यसन कोठे सुरू होते

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खेळणे हा दोष नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात ज्याचा योग दुःख हरण करतो असा मनुष्य वर्णिला आहे. त्याच्या आहाराबरोबर विहारही युक्त असावा असे तेथे म्हटले आहे. विहार मुळीच नसावा असे म्हटलेले नाही. तेव्हा प्रश्न युक्त आणि अयुक्त यांमधील सीमेचा आहे.

ही सीमा कोठे आहे याचा निर्णय आधुनिक वैद्यकानेही केला आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघाने २०१३ साली इंटरनेटवरील खेळाचा विकार हा 'अधिक अभ्यासास योग्य' म्हणून आपल्या ग्रंथात नोंदविला. पुढे मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणास मान्यता दिली व १ जानेवारी २०२२ पासून ते अमलात आले. त्यात खेळाच्या विकारास स्वतंत्र स्थान आहे. त्याची लक्षणे तीन : खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर आवडी व नित्याची कामे मागे पडून खेळाला अग्रस्थान मिळणे, आणि हानी दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, किंबहुना वाढणे. ही स्थिती सामान्यतः बारा महिने टिकली, आणि तिच्यामुळे घर, शाळा, नोकरी व माणसांचे संबंध यांत ठळक बिघाड झाला, म्हणजे त्यास विकार म्हणावे. खेळणाऱ्या सर्वांमध्ये असा विकार थोड्यांनाच होतो, असेही त्याच संघटनेने सांगितले आहे.

म्हणून सुटीच्या दिवशी मुलगा तासभर खेळला एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. घड्याळातील तासांपेक्षा अधिक विचारण्याजोगा प्रश्न असा की, थांबावे असे वाटले असता त्याला थांबता येते काय?

२. नलाच्या अंगात कली कसा शिरला

निषधदेशाचा राजा नल सत्यवादी, दानशूर व अश्वविद्येत निपुण होता. विदर्भराजाची कन्या दमयंती हिने स्वयंवरात देवांना सोडून त्याला वरले, म्हणून कली त्याच्यावर रुष्ट झाला आणि त्याच्या देहात शिरण्यासाठी छिद्र शोधीत राहिला. ते त्याला बारा वर्षांनी सापडले. एके सायंकाळी नलाने पाय न धुता आचमन करून संध्या केली. तेवढ्याने कलीला वाट मिळाली. इकडे द्वापर फाशांत जाऊन बसला आणि पुष्कराने आपल्या या भावाला द्यूताचे आव्हान दिले.

या वर्णनातील तीन गोष्टी गृहस्थाने मनात धरण्यासारख्या आहेत. पहिली ही की, व्यसन दुर्जनालाच लागते असे नाही. नल पुण्यश्लोक म्हणून गाजला आणि युधिष्ठिर तर धर्मराज. दोघेही द्यूतात बुडाले. 'आमचा मुलगा असा नव्हता' असे म्हणणारी आई खरेच बोलत असते. दुसरी ही की, शिरकाव लहान छिद्रातून होतो. पाय धुण्याचे राहून गेले, म्हणजे दिनचर्येतील एक बारीकशी शिस्त सुटली. मोबाइलच्या बाबतीत ते छिद्र पुष्कळदा थकवा, एकटेपणा, शाळेतील अपमान किंवा घरातील भांडण हे असते. तिसरी ही की, एकदा शिरकाव झाल्यावर उपदेश कानापर्यंत पोचत नाही. द्यूत कित्येक महिने चालले. मंत्री आणि नगरजन राजद्वारी आले. दमयंतीने रडत रडत राजाला त्यांची वार्ता सांगितली. नलाने उत्तरही दिले नाही. तो निर्दय झाला होता असे नव्हे. ऐकणारा नल त्या वेळी आतमध्ये दबला होता.

अर्जुनाने तिसऱ्या अध्यायात हाच प्रश्न विचारला आहे : इच्छा नसतानाही, जणू कोणी बळाने ढकलीत असावे तसा, मनुष्य पाप कोणाच्या प्रेरणेने करतो? श्रीकृष्णांचे उत्तर असे की, हा काम आहे, हाच क्रोध आहे. याची भूक मोठी आहे. दुसऱ्या अध्यायात या शत्रूचा मार्गही पायरीपायरीने दाखविला आहे. विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामाला अडथळा आला की क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतीचा भ्रंश, बुद्धीचा नाश आणि शेवटी सर्वनाश. शाळेत बसून रात्रीचा डाव आठवणे हे चिंतन. मोबाइल हाती नसता हात रिकामा वाटणे हा संग. 'आणखी एकच डाव' हा काम. आईने मोबाइल ओढून घेताच अंगावर धावून जाणे हा क्रोध. आणि उद्या परीक्षा आहे याचेच विस्मरण हा स्मृतिभ्रंश. घरातील मंडळी पुष्कळदा चौथ्या पायरीवर जागी होतात. उपचार मात्र पहिल्या पायरीपासून करावयाचा असतो.

३. खेळाचे हृदय

फाशांचे जसे मर्म होते तसे मोबाइलवरील खेळाचेही आहे. ते गूढ नाही. चार गोष्टींत सांगता येते.

पहिली गोष्ट अनियमित फळाची. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले आणि फर्स्टर यांच्यासह १९५७ साली त्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चोच मारल्यावर दाणा ठराविक वेळी मिळाला तर कबुतर दाणा मिळताच थोडे विसावते. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला तर ते न थांबता चोच मारीत राहते, आणि दाणा बंद झाल्यावरही फार वेळ आशा सोडत नाही. आजच्या पुष्कळ खेळांत बक्षिसाची बंद पेटी असते. ती उघडल्यावर काय निघेल हे आधी कळत नाही. हा त्याच नियमाचा उपयोग होय. पैसे देऊन अशा पेट्या विकणे हा जुगार आहे, असे बेल्जियम देशाच्या अधिकाऱ्यांनी २०१८ साली ठरविले. खेळताना मेंदूतही फरक होतो. लंडनमधील संशोधकांनी १९९८ साली दाखविले की व्हिडिओ गेम खेळत असता मेंदूतील डोपामिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते. हे द्रव्य फळाची अपेक्षा व शिकणे यांच्याशी निगडित आहे.

दुसरी गोष्ट शेवट नसण्याची. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण इंग्रज अधिकाऱ्याने स्नूकर हा खेळ काढला व तो पुढे जगभर गेला. त्यात शेवटचा काळा चेंडू खळग्यात पडला की डाव संपतो आणि खेळणारे घरी जातात. ज्ञानेश्वरांनी योजला असे परंपरा सांगते त्या मोक्षपटातही साप आणि शिड्या ओलांडून शेवटचे घर गाठले की पट उचलता येतो. मोबाइलवरील पुष्कळ खेळांत एक डाव संपतो तोच दुसरा समोर उभा राहतो. पातळीवर पातळी चढत जाते. दररोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस, एक दिवस चुकल्यास ओळ तुटते. शेवटचे घर मुद्दाम ठेवलेलेच नाही.

तिसरी गोष्ट सोबत्यांची. चौघे मित्र मिळून खेळतात. मधेच उठणारा उरलेल्या तिघांना संकटात टाकतो. आई 'जेवायला ये' म्हणते तेव्हा मुलाला आईची आज्ञा आणि मित्रांची निष्ठा यांत निवड करावी लागते. हे ज्यांना ठाऊक नसते त्यांना मुलगा निव्वळ उद्धट वाटतो.

चौथी गोष्ट पैशाचे रूप बदलण्याची. रुपयाची आधी नाणी किंवा हिरे होतात आणि मग ते हिरे खर्च होतात. हिरे खर्च करताना वडिलांच्या घामाचा रुपया डोळ्यांसमोर राहत नाही.

हे मर्म नलाला कसे मिळाले? राज्य गेल्यावर तो बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी होता. दोघे रथातून कुंडिनपुराकडे जात असता राजाने वाटेतील एका बेहड्याच्या झाडाची पाने व फळे किती, हे बसल्या जागी सांगितले. नलाने रथ थांबविला, झाड पाडून फळे मोजली आणि संख्या बरोबर निघाली. ऋतुपर्ण अक्षविद्येबरोबर संख्याविद्याही जाणत होता. नलाने अश्वविद्या देऊन ती विद्या घेतली आणि त्याच क्षणी कली त्याच्या शरीरातून बाहेर पडला व त्या बेहड्यात शिरला. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत. कली आपल्या ठिकाणी परत गेला, एवढाच त्याचा अर्थ. उपदेश जे करू शकला नाही ते मोजणीने केले. मोजण्यापूर्वी फासे नलाला खेळवीत होते. मोजल्यावर फासा हा फासाच आहे हे त्याला दिसले.

४. एक घर आणि एक दुःखद घटना

जबलपूर जिल्ह्यात, जबलपुराहून भोपाळकडे जाणाऱ्या मार्गावर, शहपुरा हे तहसिलीचे गाव आहे. हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. १८१७ पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर ही शहरे एकाच प्रांतात नांदली. हे नर्मदेचे खोरे. हिवाळ्यात येथे हिरव्या वाटाण्याचे मोठे पीक येते. 'एक जिल्हा एक उत्पादन' या योजनेत जबलपूर जिल्ह्यासाठी वाटाणाच निवडला गेला.

अशा गावातील एक शेतकरी कुटुंब वाचकांनी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. शेंगा तोडण्याचे दिवस आहेत. आईवडील पहाटे शेतावर जातात, कारण तोडलेला माल त्याच दिवशी बाजारात पोचला पाहिजे. बारा वर्षांचा मुलगा घरी आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्याच्या मोठ्या भावाच्या अभ्यासासाठी घेतलेला मोबाइल आता घरात सर्वांचा झाला आहे, आणि वाटाण्याचे पैसेही त्याच मोबाइलवर जमा होतात. आईवडील दमून परततात. मुलगा गप्प बसून खेळतो आहे हे त्यांना बरेच वाटते. वडील जेवल्यावर तोच मोबाइल घेऊन तासभर चित्रफिती पाहतात. या घरात कोणी वाईट नाही. परंतु पाय धुण्याचे राहून गेले आहे.

अशा घरात पुढे काय घडू शकते याचे अत्यंत दुःखद उदाहरण मध्यप्रदेशातच घडले. जुलै २०२१ च्या अखेरीस छतरपूर येथील १३ वर्षांच्या एका मुलाने आत्महत्या केली. फ्री फायर या खेळात घरचे सुमारे ४०,००० रुपये त्याच्याकडून खर्च झाले होते. जाण्यापूर्वी त्याने आईची क्षमा मागितली होती. अशा घटनेमागे एकच कारण असते असे म्हणणे बरोबर नाही, आणि त्या आईवडिलांना दोष देण्याचा अधिकार तर कोणासच नाही. परंतु क्षमा मागणाऱ्या मुलाला बरेवाईट कळत होते, हे उघड आहे. त्याला ताबा नव्हता, आणि चूक उघडी पडल्यावर परत येण्याची वाट दिसत नव्हती. म्हणून मर्यादा घालण्याइतकेच परतीची वाट उघडी ठेवणे हेही गृहस्थाचे कर्तव्य ठरते.

५. बंदीचे बळ व बंदीची मर्यादा

शासनाने हे थांबवावे, असे पुष्कळांना वाटते. शासनांनी प्रयत्न केलेही आहेत. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. तो कायदा २०२२ च्या प्रारंभी रद्द झाला. चीनने २०२१ साली अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठेवला. भारताने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी होता. जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत केला व २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळविले जाणारे खेळ, त्यांची जाहिरात व त्यांसाठी होणारी पैशाची देवघेव यांना त्याने मनाई केली. पैज नसलेले खेळ मात्र त्या मनाईत येत नाहीत, आणि मुलांचे रात्रीचे जागरण बहुधा अशाच खेळांनी होते.

बंदी निरुपयोगी नाही. विषय दूर गेला तर चिंतनाची संधी कमी होते. परंतु गीतेने दुसऱ्या अध्यायात एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. निराहार राहणाऱ्यापासून विषय दूर होतात, त्यांतील रस मात्र मागे राहतो; तो रस परतत्त्वाच्या दर्शनाने निवृत्त होतो. व्यवहारात याचा अर्थ असा की, मोबाइल कपाटात ठेवल्याने गोडी कपाटात जात नाही. अधिक उंच गोडी लागल्यावाचून खालची सुटत नाही. ही उंच गोडी लावणे कोणत्याही कायद्याला शक्य नाही. ते घराचे काम आहे.

६. गृहस्थाने काय करावे

(१) मोजणी. पहिला आठवडा काही न बोलता पाहावे. मुलगा केव्हा, किती व कोणाशी खेळतो, आणि खेळण्यापूर्वी त्याचे मन कसे असते, हे टिपावे. नंतर मुलालाच वही द्यावी. रोज किती मिनिटे व किती रुपये गेले हे त्याने आपल्या हाताने लिहावे. महिन्याची बेरीज त्यानेच करावी. नलाने दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. फळे स्वतः मोजली.

(२) मर्माचे ज्ञान. वडिलांनी एकदा मुलाशेजारी बसून तो खेळ त्याच्याकडून समजून घ्यावा. बक्षीस केव्हा मिळते, केव्हा मिळत नाही, डाव का संपत नाही, हे प्रश्न त्यालाच विचारावेत. कोणी आपल्याला मुद्दाम खेळवीत आहे हे मुलाच्या स्वतःच्या ध्यानात आले म्हणजे त्याचा स्वाभिमान उपचाराला साहाय्य करतो.

(३) मर्यादा. ती दोघांनी मिळून ठरवावी व लिहून ठेवावी. सोबत्यांचा डाव चालू असता मोबाइल हिसकावू नये. 'या डावानंतर' असे आधी सांगावे आणि त्या डावानंतर खरोखर थांबवावे. ज्या खेळाने स्वतःला शेवट ठेवला नाही त्याला घराने शेवट द्यावा. रात्री सर्वांचे मोबाइल निजण्याच्या खोलीबाहेर एका जागी राहावेत. पैशाच्या व्यवहाराचा गुप्त अंक मुलांना सांगू नये आणि बँकेचे खाते खेळाशी जोडू नये.

(४) हळूहळू निवृत्ती. मन चंचल आहे, ते अभ्यास व वैराग्य यांनी आवरते, आणि धैर्ययुक्त बुद्धीने हळूहळू शांत करावे, असे सहाव्या अध्यायाचे सांगणे आहे. जेथे चार तास खेळ चालतो तेथे आधी तीन, मग दोन. पहिले दिवस चिडचिड, उदासी व निद्रानाश यांचे जातील. अठराव्या अध्यायात सात्त्विक सुख आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे म्हटले आहे. हे त्या आरंभाचे दिवस होत. त्या दिवसांत मुलाला एकटे टाकू नये.

(५) रसांतर. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे सूक्त आहे. फाशांनी घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाला तेथे फासे टाकून शेती कर असे सांगितले आहे. हा उपदेश शहपुऱ्याच्या घरात अक्षरशः लागू पडतो. मुलाला एक वाफा संपूर्ण आपला म्हणून द्यावा : बी त्याने टाकावे, पाणी त्याने द्यावे, तोडणीचे वजन व भाव त्याने लिहावे आणि आलेल्या पैशाचा हिशेब त्याने सांगावा. येथेही पातळ्या आहेत, प्रतीक्षा आहे, अनिश्चितता आहे. पण शेवटी टोपलीत खरी शेंग पडते. शहरातील घरात वाफ्याच्या जागी कबड्डीचे मैदान, तबल्याचे वर्ग, सुतारकाम किंवा पोहणे असेल. काम असे हवे की ज्यात कौशल्य वाढताना दिसते आणि सोबती असतात; कारण खेळाने त्याच दोन भुका भागविल्या होत्या.

(६) वडिलांचे आचरण. श्रेष्ठ जे करतो तेच इतर करतात, हे तिसऱ्या अध्यायातील वचन प्रत्येक घराला लागू आहे. जेवताना मोबाइल पाहणाऱ्या बापाच्या शब्दाला वजन राहत नाही.

(७) चूक उघडी पडण्याचा दिवस. पैसे गेलेले कळले, निकाल बुडाला, खोटे पकडले गेले, त्या दिवशी क्रोधाच्या भरात बोलू नये. 'पैसे पुन्हा मिळतील, तू आमचा आहेस, मार्ग मिळून काढू' हे तीन शब्दसमूह आधी बोलावेत. हिशेब दुसऱ्या दिवशी. मुलगा अबोल झाला, जगण्याविषयी निराशेचे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. भारत सरकारची टेली मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मुलगा किंवा पालक कोणीही त्यावर बोलू शकतो.

(८) वैद्याची मदत. दोन-तीन महिने प्रयत्न करूनही ताबा येत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, म्हणजे निमहान्सने, २०१४ साली अशा रुग्णांसाठी खास चिकित्सालय काढले. शहपुऱ्याच्या गृहस्थाला इतके दूर जाण्याचे कारण नाही. जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात मानसरोग विभाग आहे. पुष्कळदा खेळाच्या मागे उदासी किंवा भय हा मूळ रोग दडलेला असतो आणि तो औषधोपचाराने बरा होतो. ताप आला असता वैद्याकडे जाण्यात लाज नाही, तशी येथेही नसावी.

७. शंका-समाधान

शंका : दोन महिने सर्व नीट चालले आणि मुलगा पुन्हा रात्रभर खेळला. आता सर्व प्रयत्न वाया गेला असे समजावे काय?

समाधान : नाही. युधिष्ठिराला पहिल्या द्यूतात गेलेले सर्व परत मिळाले होते. तरी दुसरे बोलावणे येताच तो वाटेवरून परत फिरला. घसरणे हा या रोगाचा स्वभाव आहे. योगमार्गावरून ढळलेल्याचे काय होते, असे अर्जुनाने विचारले असता, कल्याण करणाऱ्याची दुर्गती होत नाही, असे भगवंतांनी सांगितले. दोन महिने थांबता आले हे आता सिद्ध झाले आहे. कोणत्या छिद्रातून कली पुन्हा आला एवढे शोधावे व वही पुढे चालवावी.

शंका : नलाने शेवटी पुष्कराशी पुन्हा द्यूत खेळून राज्य मिळविले. मग सुटलेल्याने पुन्हा खेळण्यास हरकत काय?

समाधान : नल मर्म जाणून, कली गेल्यावर, ठरवून एकच डाव खेळला आणि उठला. जिंकल्यावर त्याने पुष्कराचा सूड घेतला नाही. त्याला क्षमा करून त्याचे नगर त्याला दिले. ज्याला एक डाव खेळून उठता येते त्याला व्यसनी म्हणत नाहीत. ज्याला अजून उठता येत नाही त्याने नलाचा शेवटचा डाव आपल्या समर्थनासाठी पुढे करू नये.

शंका : या सर्वांत आईचे किंवा पत्नीचे काम काय? ती तर मर्म जाणत नाही.

समाधान : दमयंतीचे चरित्र पाहावे. तिने प्रथम उपदेश केला. तो व्यर्थ झाला असे दिसताच रडत बसली नाही. सारथी वार्ष्णेयाला बोलावून दोन्ही मुलांना कुंडिनपुरी पाठविले. जे वाचविता येते ते आधी वाचविले. सर्वस्व गेल्यावर ती नलाबरोबर एका वस्त्रानिशी निघाली. त्याने वनात टाकल्यावरही तिने आशा सोडली नाही. देशोदेशी ब्राह्मण पाठवून त्याचा शोध केला आणि कुरूप बाहुकाच्या रूपातही त्याला ओळखले. पैसा व लहान भावंडे यांना जपणे, व्यसनी माणसाच्या आत दबलेला मूळचा माणूस ओळखणे आणि त्याच्या परतीसाठी दार उघडे ठेवणे, एवढे तिने केले. अक्षविद्या नलाला ऋतुपर्णाकडून मिळाली. पण तो रथ कुंडिनपुराच्या वाटेला लागला तो दमयंतीने योजलेल्या उपायाने.

ज्या घरात मुलगा आज काचेत बुडाला आहे, तेथे मूळचा मुलगा गेलेला नाही. त्याला रागावण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसावे, वही उघडावी आणि पहिला आकडा त्याच्याकडून लिहवून घ्यावा.